नागपूर मेट्रोची सगळी स्थानकं एका दमात: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

खान्देशात मेट्रो नाही. पण भुसावळ-जळगाव, पाचोरा-जळगाव, अमळनेर-जळगाव असं रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाच्या जे अंगवळणी पडलेलं असतं, नेमकं तेच मेट्रोची सगळी स्थानकं घड्याळ लावून गाठण्याच्या या खेळात लागतं. गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठल्या डब्यातून उतरलं की जिना समोर येतो, ही हुकली तर पुढची कोणती आणि ती कुठपर्यंत जाते, ही ती नजर. मेट्रोच्या जाळ्यातलं प्रत्येक स्थानक कमीत कमी वेळात गाठायचं, एवढाच हा खेळ आहे. खान्देशातून कुणाला तो पहिल्यांदा खेळून पाहायचा असेल, तर त्याने नागपूरला जावं. पुणं दुसऱ्या फेरीला. मुंबईचा विचार पहिल्या प्रयत्नाला करूच नये.

हे परीक्षण रोजच्या प्रवाशाच्या नजरेतून नाही. डब्यातली थंडगार हवा, चकचकीत फरशी यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. इथे नागपूर मेट्रो ही सेवा एका विशिष्ट कामासाठी तपासली आहे: दोन्ही मार्गिका, चारही टोकं, एकही स्थानक न सोडता, घड्याळ लावून.

आधी नियम नीट समजून घ्या, कारण बहुतेक प्रयत्न गाडीत बसण्याआधीच इथे फसतात. गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सच्या पद्धतीत प्रत्येक स्थानकावर उतरायची सक्ती नसते. तुम्ही ज्या गाडीत आहात ती त्या स्थानकावर थांबली पाहिजे. न थांबता गेलेलं स्थानक मोजत नाहीत. एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना चालणं, धावणं आणि वेळापत्रकावर चालणारी सार्वजनिक वाहनं चालतात. स्वतःची दुचाकी, टॅक्सी, मित्राची गाडी चालत नाही. रिक्षाही टॅक्सीतच धरावी, उगाच वाद नको. पुरावा म्हणून प्रत्येक स्थानकाची वेळ, फोटो आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात. साध्या अर्जाचं उत्तर यायला आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून तारीख ठरवून मग अर्ज करू नका. अर्ज आधी, तारीख नंतर.

दुसरा प्रश्न 'सगळी स्थानकं म्हणजे किती' हा. ऐकायला पोरकट वाटतो, पण याच्यावरच सगळं उभं आहे. दिल्लीचं उदाहरण घ्या. शशांक मनू यांनी १४ एप्रिल २०२१ रोजी पहाटे ब्लू लाइनवरून सुरुवात केली आणि रात्री ग्रीन लाइनवरच्या ब्रिगेडियर होशियार सिंग स्थानकात शेवट केला. वेळ १५ तास २२ मिनिटं ४९ सेकंद, स्थानकं २८६. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयत्नाची वेळ १६ तास २ मिनिटं होती आणि तिच्यासोबत आकडा छापून आला तो २५४ स्थानकांचा. शहर एकच, वर्ष एकच, मग ३२ स्थानकांचा फरक कसा? दिल्ली मेट्रोची स्वतःची २५४, नोएडा-ग्रेटर नोएडाची २१ आणि गुरुग्राम रॅपिडची ११ मिळून २८६ होतात. जाळं कुठे संपतं हे लिहून ठेवल्याशिवाय दोन वेळांची तुलना करता येत नाही. लंडनलाही तेच. २०१५ मध्ये तिथे १५ तास ४५ मिनिटं ३८ सेकंदांचा विक्रम झाला तेव्हा स्थानकं २७० होती. सप्टेंबर २०२१ मध्ये दोन नवी उघडली, आकडा २७२ झाला आणि जुनी वेळ कागदावर तशीच राहिली.

नागपुरात हा घोळ लहान आहे, पण आहे. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन, १८ स्थानकं. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही अ‍ॅक्वा लाइन, २० स्थानकं. बेरीज ३८. पण सीताबर्डी दोन्हीकडे मोजली गेली आहे. ठिकाणं मोजली तर ३७ भरतात. नोंदवहीत सीताबर्डीच्या दोन ओळी ठेवा, ऑरेंजची वेगळी आणि अ‍ॅक्वाची वेगळी, म्हणजे मोजणारा कुठल्याही पद्धतीने मोजो, तुमचा कागद खोटा पडत नाही. आणखी एक: कॉटन मार्केट स्थानक बाकीच्या मार्गानंतर, २०२३ मध्ये उघडलं. त्याआधीची कुणाची वेळ ऐकलीत तर ती एक स्थानक कमी धरून झालेली आहे, तिच्याशी बरोबरी करू नका.

आता मार्ग. नागपूरचं जाळं अधिकच्या चिन्हासारखं आहे. मधे बर्डी, म्हणजे सीताबर्डी, चार दिशांना चार हात. अशा जाळ्याचा नियम सोपा आहे: चारांपैकी दोन हात एकदाच करावे लागतात, कारण एका टोकावरून आपण सुरू करतो आणि दुसऱ्या टोकावर संपवतो. उरलेले दोन हात जाऊन-येऊन असे दुप्पट पडतात. म्हणून दुप्पट करायचे हात सर्वांत आखूड निवडायचे.

बर्डीपासूनची अंतरं सुमारे अशी: खापरी साडेतेरा किलोमीटर, लोकमान्य नगर ११, प्रजापती नगर ८.३, ऑटोमोटिव्ह चौक ७.३. बर्डी सोडून स्थानकं मोजली तर अनुक्रमे १०, १०, ९ आणि ७. दोन्ही हिशेबांनी उत्तर एकच येतं. खापरी आणि लोकमान्य नगर ही सुरुवातीची आणि शेवटाची टोकं, प्रजापती नगर आणि ऑटोमोटिव्ह दुप्पट.

लोकमान्य नगरहून सुरू केलं तर क्रम असा पडतो. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर थेट, म्हणजे अख्खी अ‍ॅक्वा लाइन एका बैठकीत. तिथे गाडी उलटी धरून बर्डीला परत. बर्डीला मार्गिका बदलून ऑटोमोटिव्ह चौक. तिथून अख्खी ऑरेंज लाइन थेट खापरीपर्यंत. गाडीतलं एकूण अंतर ५५.७ किलोमीटर, मार्गिका बदलायची एकदाच आणि थांबून गाडीची वाट पाहायची तीनदाच: प्रजापती नगर, बर्डी, ऑटोमोटिव्ह. मुद्दाम आखल्यासारखी सुरेख रचना आहे ही, आणि पहिल्या प्रयत्नाला नागपूर सांगण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

नवखा माणूस काय करतो ते सांगतो. तो ऑटोमोटिव्हहून सुरू करतो, सरळ खापरीला जातो, परत बर्डीला येतो, मग लोकमान्य नगर आणि शेवटी प्रजापती नगर. दिसायला हेही तितकंच सरळ. पण दुप्पट झाले ते लांब हात. अंतर ६४.६ किलोमीटरवर जातं, म्हणजे नऊ किलोमीटर जास्त. थांब्यांसह ताशी ३० चा सरासरी वेग धरला तर अठरा मिनिटं फुकट गेली. स्टॉपवॉच हातात घेण्याआधीच गेली.

ऑटोमोटिव्ह आणि प्रजापती ही दोन टोकं शहराच्या उत्तर-पूर्व अंगाला आहेत, तेव्हा मधे बर्डीला न जाता रस्त्याने आडवं जावं, असं नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाला सुचतं. कागदावर ते बरोबरही आहे, त्यात १५.६ किलोमीटर मेट्रो वाचते. पण ही वाचणारी मेट्रो जेमतेम ३१ मिनिटांची आहे, अधिक बर्डीची एक वाट पाहणी. त्या बदल्यात फलाटावरून खाली रस्त्यावर, शहर बसची वाट, चौकांतले सिग्नल, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा सुरक्षा तपासणी व जिना. रिक्षा नियमात बसत नाही हे वर आलंच आहे. आमचं स्पष्ट मत: नागपुरात आडवा रस्ता घेऊ नये. तिथे बसची खात्री नाही आणि मेट्रोची आहे.

वेळेचा अंदाज असा धरा. ५५.७ किलोमीटरला ताशी ३० ने १११ मिनिटं. वर गाडीची वाट पाहण्याच्या तीन वेळा. गाड्यांमधलं अंतर दहा मिनिटांचं असेल तर नशीब चांगलं असताना तिन्ही मिळून पाच-सहा मिनिटं, वाईट असताना तीस. म्हणजे सव्वादोन तासांच्या आत आलात तर काम नीट झालं. दोन तासांच्या आत यायचं तर तिन्ही वाटा मिळून नऊ मिनिटांत बसवाव्या लागतील आणि ते धावून होत नाही, वेळापत्रक वाचून होतं. गाडीचा वेग आपल्या हातात नाही. आपल्या हातात फक्त सुटण्याचा क्षण आहे. प्रजापती नगरला आपण पोचतो त्यानंतर किती मिनिटांनी गाडी निघते, हे आधी एकदा जाऊन पाहावं, लिहावं आणि मग लोकमान्य नगरची अशी गाडी निवडावी की पुढचे तिन्ही दुवे जुळतील. भुसावळ जंक्शनवर लिंक गाडी पकडणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको.

गाड्यांमधलं अंतर, हाच नागपूरचा कमकुवत मुद्दा. कामावर जाण्या-येण्याच्या वेळी गाड्या जवळजवळ असतात, दुपारी लांब-लांब. पुण्याच्या मानाने नागपूरला वाट जास्त पाहावी लागते. म्हणून दुपारी बारा ते चारमध्ये प्रयत्न लावू नका. तीन वाटांपैकी प्रत्येकीत पाच मिनिटं वाढली तरी पंधरा मिनिटं वाया जातात. रविवारी डबे मोकळे मिळतील, पण त्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. आठवड्याच्या दिवशी काढलेली टिपणं रविवारी वापरायची नाहीत.

सुरुवात लोकमान्य नगरहून करावी की खापरीहून? अंतराला फरक पडत नाही. मिहान डेपो खापरीच्या बाजूला आणि हिंगणा डेपो लोकमान्य नगरच्या बाजूला आहे, त्यामुळे दोन्हीकडे गाडी ताजी, डेपोजवळून सुटते. मधल्या स्थानकांवर साचलेला उशीर तिच्या वाट्याला आलेला नसतो. तरी आमचा कौल लोकमान्य नगरला, आणि कारण साधं आहे. 'नागपूर रेल्वे स्टेशन' हे मेट्रो स्थानक अ‍ॅक्वा लाइनवर आहे. भुसावळकडून आलेला माणूस रेल्वेतून उतरून न बदलता थेट लोकमान्य नगरला पोचतो, आणि जाता जाता अर्ध्याहून अधिक अ‍ॅक्वा लाइन पाहून होते. गाडी कुठे किती सेकंद थांबते, दार कुठल्या बाजूला उघडतं, पाटी दारातून दिसते की खांबाआड जाते, हे या फेरीत टिपून घ्यायचं. ही फेरी मोजणीत नाही, पण हिच्याशिवाय मोजणीची फेरी नीट होत नाही.

बर्डीविषयी थोडं जवळून. दोन्ही मार्गिका इथे जमिनीच्या वर, एकमेकींना छेदून वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. स्थानक प्रशस्त आहे, पाट्या मराठीत ठळक आहेत, चुकायला फारशी जागा नाही. तरी इथेच मिनिटं सांडतात, कारण उतरणारी सगळी गर्दी एकाच सरकत्या जिन्याकडे वळते. गाडी तीन डब्यांची आहे. आपल्याला लागणारा जिना कुठल्या डब्यासमोर येतो हे आधीच्या फेरीत पाहून ठेवा आणि प्रजापती नगरहून परत येताना त्याच डब्यात, त्याच दारापाशी उभे राहा. दार उघडल्यावर पहिले बाहेर पडलात तर सरकता जिना मोकळा मिळतो. दहावे पडलात तर पुढच्याच्या पिशवीमागे उभं राहून ऑरेंजची गाडी जाताना ऐकावी लागते. फलाटावर धावू नका. सुरक्षारक्षक हटकतो, आणि त्याने हटकणं बरोबरच आहे. लांब, भराभर पावलं पुरतात. ऑरेंजच्या फलाटावर पोचल्यावर गाडीच्या कपाळावर शेवटच्या स्थानकाचं नाव वाचा आणि मगच चढा. ऑटोमोटिव्हऐवजी खापरीच्या गाडीत बसलात तर पुढच्या काँग्रेस नगरला उतरून परत येईपर्यंत एक फेरी गेली.

दोन्ही दुप्पट टोकांवर वेगळीच काळजी. गाडी टोकाला पोचली की सगळ्यांनी उतरायचं असतं. तीच गाडी त्याच फलाटावरून परत निघणार, की पुढे जाऊन रूळ बदलून समोरच्या फलाटावर येणार, हे टोकागणिक आणि वेळेगणिक बदलू शकतं. फलाटावरचा फलक बघा, नाहीतर कर्मचाऱ्याला सरळ विचारा: "बर्डीची गाडी कुठल्या फलाटावर?" पहिल्या फेरीत हे विचारून ठेवलेलं असेल तर मोजणीच्या वेळी तोंड उघडावं लागत नाही.

तिकिटाचा मुद्दा छोटा वाटतो आणि त्याच्यानेच प्रयत्न बाद होतो. साधं एकेरी तिकीट एका स्थानकापासून दुसऱ्यापर्यंतचं असतं, आणि आत किती वेळ राहता येईल याला मर्यादा असते. आपण तर दोन टोकांना उलटे फिरणार, दोन तासांहून जास्त आत राहणार. खापरीला बाहेर पडताना फाटक उघडत नाही, मग ग्राहक खिडकी, दंड, हुज्जत. त्यामुळे दिवसभराचा अमर्याद प्रवासाचा पास मिळतो का ते पहिल्या स्थानकावर विचारा आणि त्याला वेळमर्यादा आहे का, तेही त्याच खिडकीवर विचारून घ्या. दिल्लीच्या विक्रमालाही दिवसाचं पर्यटक कार्डच वापरलं गेलं होतं. पास कागदी असो वा मोबाइलवर, फोनची बॅटरी संपली तर बाहेर पडता येत नाही, म्हणून पॉवर बँक पिशवीत हवीच. तिकिटाच्या नावाखाली प्रत्येक टोकाला बाहेर जाऊन परत आत येण्याचा विचार करू नका. बॅग तपासणीच्या पट्ट्यावर जाते, अंगझडती होते आणि तोवर गाडी सुटते.

आता नोंदवही. या खेळातली बहुतेक दुःखं इथली आहेत. शाळेच्या दोनशे पानी वहीतलं एक आडवं पान पुरतं. पाच रकाने आखा: क्रमांक, स्थानक, दार उघडल्याची वेळ, फोटोचा क्रमांक, शेरा. स्थानकांची नावं घरूनच आपल्या मार्गाच्या क्रमाने लिहून न्या. क्रम मार्गाचा हवा, नकाशाचा नव्हे. म्हणजे परतीच्या प्रवासात ज्या स्थानकांवरून दुसऱ्यांदा जाणार, तीही पुन्हा लिहायची आणि शेऱ्यात 'परत' असं आधीच टाकायचं. एकूण ओळी पन्नासच्या वर जातात. चालत्या गाडीत 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स' किंवा 'दोसर वैश्य चौक' लिहीत बसलात तर पुढचं स्थानक येतं. गाडीत फक्त वेळ भरायची. पेन्सिल वापरा, दोऱ्याने वहीला बांधून. पेन गळून सीटखाली गेलं की दोन स्थानकं गेली समजा.

वेळ एकाच घड्याळाची. दोघे जात असाल तर एकाने फोटो, एकाने वही, आणि निघताना दोघांचे फोन जुळवून घ्या. फोटो दार उघडं असताना, आतूनच, पाटी चौकटीत घेऊन. दार जेमतेम वीस-तीस सेकंद उघडं असतं, म्हणून स्थानक येण्याआधी फोन अनलॉक केलेला हवा. दार कुठल्या बाजूला उघडणार ते डब्यातली घोषणा सांगतेच. गर्दीत पाटी दिसली नाही तर निदान फलाट आणि डब्यातल्या पडद्यावरचं नाव घ्या. स्थानकात चित्रीकरणाचे नियम असतात. साधे फोटो काढणार आहोत, हेतू असा आहे, हे सुरुवातीच्या स्थानकावर स्टेशन कंट्रोलरला सांगून ठेवलं की मधे कुणी अडवत नाही. सहप्रवाशांच्या सह्या घ्यायच्या असतील तर त्या टोकांच्या वाट पाहणीत घ्या, चालत्या गाडीत नको.

छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्थानकं वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलावर आहेत. त्या पुलाची २०२२ मध्ये स्वतःची गिनेस नोंद झाली, सर्वांत लांब दुमजली मेट्रो पूल म्हणून. उत्तरेला गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर आहेत. रेल्वेवेड्या माणसाची नजर तिथे खिडकीकडे जाते आणि वहीतली ओळ रिकामी राहते. पाहायचंच असेल तर आधीच्या फेरीत पाहून घ्या. किंवा ऑटोमोटिव्हहून परत येताना, तेव्हा ते स्थानक आधीच नोंदलेलं असतं.

खाण्यापिण्याचं: मेट्रोत खायला बंदी आहे. जळगावहून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेत संपवा, केळी लोकमान्य नगरला आत शिरण्याआधी. सव्वादोन तास पोटाला तेवढं पुरतं. पाण्याची बाटली चालते, पण बेताने प्या. स्थानकांत स्वच्छतागृहं आहेत, मात्र तिकडे गेलात की एक गाडी गेली. शिदोरीतली फळं कापायची सुरी घरीच ठेवा, तपासणीत अडकते. हवा थंडीच्या दिवसांतली निवडावी. ऊन आपल्याला नवं नाही, भुसावळचा मे महिना सोसलेला माणूस नागपूरला घाबरत नाही, पण उंच फलाटावर दहा मिनिटं तापत उभं राहिल्यावर हात घामेजतात आणि फोनचा पडदा बोट ओळखत नाही.

जाणं-येणं या बाबतीत नागपूरला पाचपैकी पाच. मुंबई-गोंदिया विदर्भ एक्स्प्रेस रात्री खान्देशातून जाते आणि सकाळी नागपूरला पोचवते. संध्याकाळी तीच सेवा परत मुंबईकडे निघते, त्यामुळे मुक्कामाची गरज नाही. नंदुरबारकडच्या लोकांना अहमदाबाद-हावडा एक्स्प्रेस ताप्ती खोऱ्यातल्या मार्गाने न बदलता नागपूरला नेते. चाळीसगाव, पाचोऱ्याच्या लोकांना कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. हीच गाडी उलट दिशेला पुण्याला नेते, म्हणजे पुढच्या प्रयत्नाचीही सोय तीच.

पुण्याचा हिशेब थोडक्यात. इथेही चार हात, मधे जिल्हा न्यायालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं सिव्हिल कोर्ट. स्वारगेटचा हात सर्वांत आखूड, तीनच स्थानकं: कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. रामवाडीकडे सात, वनाजकडे आठ, पीसीएमसीचा, म्हणजे पिंपरी-चिंचवडचा, हात सर्वांत लांब. तेव्हा पीसीएमसी ते स्वारगेट थेट, परत सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून रामवाडी, आणि रामवाडीहून थेट वनाज. गाड्या नागपूरपेक्षा लवकर येतात, हा मोठा फायदा. अडचण बदलण्याच्या जागेची आहे. तिथली भुयारी मार्गिका ३३ मीटर खोल आहे, दहा मजली इमारतीइतकी, आणि वनाज-रामवाडी मार्गिका जमिनीच्या वर. एकामागून एक सरकते जिने चढावे लागतात, त्यामुळे बर्डीला जे काम झटकन होतं त्याला इथे कितीतरी जास्त वेळ लागतो. भुयारात जीपीएस धरत नाही, तेव्हा फोनमधल्या प्रवासाच्या रेषेवर विसंबू नका, वहीच खरी. आणि स्थानकं उघडण्याच्या तारखा पाहा. रामवाडीपर्यंतचा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, पण येरवडा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. खडकी जून २०२५ मध्ये. त्या-त्या दिवशी गाडी कुठे थांबते त्याची यादी आदल्या रात्री ताजी करून घ्या.

मुंबई वेगळं प्रकरण आहे. घाटकोपर-वर्सोवा, दहिसरकडच्या दोन मार्गिका, आणि आरे ते कफ परेड ही २७ स्थानकांची ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका. चालवणाऱ्या संस्था वेगवेगळ्या, बदलण्याच्या जागा लांब पुलांच्या, गर्दी मुंबईची. नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मार्गिका तर यांना जोडलेलीही नाही, तिला धरायचं की नाही इथूनच वाद. दोन जाळी पूर्ण करून मगच तिकडे वळा. नंदुरबारकरांना अहमदाबाद जवळ पडतं, पण गांधीनगरकडे त्याला गिफ्ट सिटीचा फाटा फुटला आहे, म्हणजे चाराऐवजी पाच टोकं आणि एक जादा दुप्पट हात.

सरावाला मात्र कुठे लांब जायला नको. चाळीसगाव-धुळे मार्गाची पॅसेंजर धरा. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबली की वेळ, फोटो, ओळ. हे दोनदा केलं की हात बसतो. त्याहून कस पाहायचा असेल तर जळगाव-नंदुरबार-नवापूर. स्थानकं पुष्कळ, आणि शेवटी नवापूरचा तो फलाट, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. एकही ओळ रिकामी न सोडता नवापूर गाठलंत तर नागपूरच्या पन्नास ओळी जड जाणार नाहीत.

नागपूरला जाणं लांबवू नये याला एक कारण आहे. मेट्रोचा दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा आहे आणि तो चारही टोकं पुढे नेतो: ऑटोमोटिव्हहून कन्हानकडे १३, खापरीच्या बाजूने बुटीबोरीकडे सुमारे १८.६, लोकमान्य नगरहून हिंगण्याकडे ६.७, प्रजापती नगरहून ट्रान्सपोर्ट नगरकडे ५.४. ही अंतरं आजच्या हातांना जोडून पाहा. ऑटोमोटिव्हचा आखूड हात २० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि सर्वांत आखूड दोन हात हिंगणा व ट्रान्सपोर्ट नगर ठरतात, दोन्ही अ‍ॅक्वा लाइनवरचे. मग बुटीबोरीहून निघून बर्डीला उतरायचं, ट्रान्सपोर्ट नगर, तिथून हिंगणा, पुन्हा बर्डी आणि शेवट कन्हानला. मार्गिका एकदा नव्हे, दोनदा बदलावी लागेल. वर दिलेला क्रम हे नवे भाग सुरू होईपर्यंतचाच आहे, त्यानंतर वही नव्याने आखावी लागेल.